कराटे शिकवावे की फिटनेस? दोन्ही, पण आपापल्या वेळी

पत्राचा सारांश: मी ३४ वर्षांची असून शोतोकान शैलीच्या कराटेची दुसऱ्या दानची (श्रेणीची) ब्लॅक बेल्ट आहे. सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका जिममध्ये ट्रेनर म्हणून काम करते आणि आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी मंगळवार पेठेत एका शाळेच्या हॉलमध्ये ७ ते १४ वयाच्या मुलांना कराटे शिकवते. माझे सेन्सेई (कराटेचे गुरू) म्हणतात की वजने उचलल्याने अंग जड आणि ताठ होते, कराटे करणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. पालकांना मात्र मुलांचा फिटनेस हवा आहे, त्यामुळे सव्वा तासाच्या वर्गातला निम्मा वेळ उड्या, बदकचाल आणि जोर-बैठकांत जातो आणि काता (ठरलेल्या चालींचा क्रम) मागे पडतो. आता जिमचे मालक मोठ्यांसाठी ‘कराटे फिटनेस’ची बॅच सुरू करा म्हणून मागे लागले आहेत. हे परंपरेला धरून होईल का? या सगळ्यात माझा स्वतःचा सराव जवळजवळ थांबला आहे आणि उजवा गुडघाही दुखतो.

स. न. वि. वि.

आपल्या पत्रात सर्वात मोठी जागा सेन्सेईंच्या मताला आणि पालकांच्या मागणीला मिळाली आहे, आणि स्वतःचा सराव थांबल्याची गोष्ट आपण शेवटच्या वाक्यात उरकली आहे. मला मात्र सुरुवात तिथूनच करावीशी वाटते, कारण बाकीचे बरेच प्रश्न त्यातूनच वाढलेले दिसतात. वर्गात आपण आकडे मोजता, एखाद्याचा पवित्रा दुरुस्त करता, चाल अर्धी करून दाखवता आणि पुढच्या मुलाकडे वळता. त्यात शरीर थकते खरे, पण आपल्या स्वतःच्या ग्याकु-झुकीत (मागच्या हाताच्या ठोशात) कंबर उशिरा फिरते आहे हे सांगणारे तिथे कोणी नसते आणि ते पाहण्याची आपल्यालाही सवड नसते. असे काही महिने गेले की जे आपल्या अंगात ताजे आहे तेच शिकवणे सोपे वाटू लागते. सकाळभर जिममध्ये व्यायाम घेणाऱ्या शिक्षिकेच्या संध्याकाळच्या वर्गातही व्यायामच वाढत गेला असेल, तर त्याला पालकांचा आग्रह जितका कारण आहे, तितकेच हेही कारण असावे असे मला वाटते. आपल्याला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. दोन नोकऱ्यांइतके काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला हे येते, आणि त्यावरचा उपाय आपल्या हातात आहे.

आठवड्यातून चार दिवस, जिमला जाण्यापूर्वी चाळीस मिनिटे फक्त स्वतःच्या कराटेसाठी राखून ठेवावीत, आणि ती कोणत्याही बॅचसाठी मोडू नयेत. या चाळीस मिनिटांत फार काही कोंबण्याची गरज नाही. तीन महिन्यांसाठी एकच काता घ्यावा. माझी सूचना तेक्की शोदानची आहे. तो एका सरळ रेषेत आडवा चालतो, त्यामुळे घराच्या गच्चीवरही भागतो, आणि त्याच्या २९ चालींत पायांचे काम मोजकेच असल्याने कंबर, खांदा आणि श्वास यांच्यातला ढिलेपणा लपून राहत नाही. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी तेक्कीचे तीन काता शिकण्यात दहा वर्षे घालवल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. तीन महिने हा त्या मानाने अगदी लहान काळ आहे. आठवड्यातून एकदा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला बोलावून त्याच काताचे बुंकाई (चालींचा प्रत्यक्ष लढतीतला वापर) जोडीने करावे, म्हणजे चालींचा अर्थ हातात राहतो.

आता वजनांविषयी. सेन्सेईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जो केवळ बेंच प्रेस आणि दंडाचे व्यायाम करतो त्याचे खांदे पुढे ओढले जातात, आणि ज्याला सतत अंग आवळून ठेवण्याची सवय लागते त्याला ठोसा सैल सोडता येत नाही. किमे, म्हणजे प्रहाराच्या टोकाला अंग आवळणे, हा क्षणभराचा ताण आहे, त्याच्या आधी आणि नंतर अंग मोकळे असावे लागते, आणि हे मोकळेपण हरवलेले विद्यार्थी सेन्सेईंनी पाहिले असणार. पण हा दोष व्यायामाच्या निवडीचा आणि पद्धतीचा आहे. सांधा पूर्ण कक्षेत फिरवून केलेल्या वजनांच्या व्यायामाने लवचीकता कमी न होता वाढते, असे आता अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय परंपरेचाच दाखला द्यायचा तर कराटेचे मूळ स्थान असलेल्या जपानमधील ओकिनावातील होजो उंदो ही पूरक व्यायामांची जुनी पद्धत पाहावी. चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांच्या गोजू-र्यू शैलीत ती आजही वर्गाचा भाग आहे. लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगड बसवलेली चि-इशी मनगट आणि खांद्यासाठी फिरवली जाते, आणि वाळू भरलेले निगिरी-गामे नावाचे घडे काठाला बोटांनी धरून चालले जाते. तालमीत ज्याने मुद्गल फिरवला आहे त्याला चि-इशी हातात घेताच ओळखीची वाटेल. शोतोकानमध्ये या साधनांपैकी माकिवारा (ठोसे मारण्याचा खांब) तेवढा ठळकपणे टिकला, म्हणून शोतोकानच्या घरात वाढलेल्या शिक्षकांना वजने परकी वाटतात.

आपल्या शहरात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे, आणि त्याची आठवण ठेवावी असे मला मनापासून वाटते. गंगावेश असो वा मोतीबाग, तालमीतला पैलवान जोर मारतो, बैठका काढतो आणि मातीत लढतीही करतो. जोर-बैठकांना कोणी कुस्ती म्हणत नाही, आणि जोर-बैठका सोडून कुस्ती होईल असेही कोणी मानत नाही. दोन्हींना आपापला वेळ आहे आणि दोन्हींवर वस्तादांचे लक्ष आहे. आपल्या अडचणीचे मूळ असे आहे की आपल्याकडे हे दोन वेळ एकमेकांत मिसळले आहेत: वर्गात व्यायाम शिरला आहे, व्यायामाच्या बॅचमध्ये कराटे शिरू पाहत आहे, आणि दोन्हीकडे अर्धे-अर्धे काम होण्याची भीती आहे. आपण कराटे आणि फिटनेस दोन्ही करावे, दोन्ही शिकवावे, पण प्रत्येकाची वेळ आणि नाव स्वच्छ ठेवावे, हाच माझा सल्ला आहे.

आपल्यासाठी आठवड्यातून दोनदा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा वजनांचा व्यायाम पुरेसा आहे. कराटेमध्ये पुढे ढकलण्याच्या हालचाली फार आणि ओढण्याच्या कमी. हिकितेला (ठोसा मारताना दुसरा हात कंबरेकडे खेचण्याला) आपण महत्त्व देतो, पण त्यात हात मोकळ्या हवेतून मागे येतो, त्याला ओझे नसते. म्हणून पुल-अप आणि रोइंग हे छातीच्या व्यायामापेक्षा आधी यावेत. ठोशाची ताकद मागच्या पायातून आणि कंबरेतून येते, तेव्हा डेडलिफ्ट किंवा केटलबेल स्विंग असावा. मवाशी-गेरीच्या (गोल फिरवून मारलेल्या लाथेच्या) वेळी सगळा भार टेकलेल्या पायावर असतो, म्हणून एका पायाचे व्यायाम, उदाहरणार्थ स्प्लिट स्क्वॅट आणि पायरीवर चढ-उतार, मला दोन्ही पायांच्या जड स्क्वॅटइतकेच मोलाचे वाटतात. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू आणि पोटऱ्या यांचे स्वतंत्र व्यायाम जोडावेत, कारण अनवाणी उड्या मारत कुमिते (जोडीदाराशी लढत) करणाऱ्यांच्या दुखापती बऱ्याचदा तिथेच होतात. प्रत्येक व्यायामाचे पाच-सहा आवृत्त्यांचे तीन सेट घ्यावेत, आणखी दोन आवृत्त्या निघाल्या असत्या इतकी ताकद शिल्लक असतानाच थांबावे, आणि वजन हळूहळू वाढवावे. एकाच दिवशी दोन्ही असतील तेव्हा कराटे आधी आणि वजने नंतर, कारण दमलेल्या शरीरावर चुकीचे तंत्र लवकर बसते. मांडी फाकवून दीर्घ काळ ताणून धरण्याचे व्यायाम सरावानंतर ठेवावेत. स्फोटक हालचालींपूर्वी एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरला तर त्याचा जोर तात्पुरता उतरतो.

आपण जिमच्या प्रत्येक बॅचमध्ये सभासदांबरोबर स्वतःही पूर्ण व्यायाम करता का, हे पत्रातून कळत नाही. करत असाल तर ते थांबवावे. करून दाखवावे आणि नंतर फिरून पाहावे. व्यायामशास्त्राचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवड्यातून पाच-सहा दिवस जोरदार दमश्वासाचा आणि ताकदीचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद काही आठवडे वाढली आणि सातव्या-आठव्या आठवड्यानंतर ती वाढणे थांबून पुढे घसरली. बेताच्या प्रमाणात दोन्ही एकत्र चालतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, पण रोज सगळेच जोरात करणाऱ्या व्यक्तीला त्यातले काहीच नीट मिळत नाही. आहाराबद्दल आपण विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगतो की दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने आपल्यासारख्या व्यक्तीला पुरतात, आणि दूध, अंडी, डाळी, उसळी, मटण असलेल्या आपल्याकडच्या जेवणातून ती मिळू शकतात.

गुडघ्याकडे मात्र लगेच लक्ष द्यावे. सूज येत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पायरी उतरताना दगा देत असेल, तर मालिश किंवा लेप यांत वेळ न घालवता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तसे काही नसून फक्त दुखत असेल तर तंत्रातल्या दोन जागा तपासून पाहाव्यात. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहतो की आत झुकतो, हे बाजूने न पाहता समोरून मोबाइलवर चित्रित करून पाहावे. मवाशी-गेरीत टेकलेल्या पायाची टाच वेळेवर वळते की पाऊल जमिनीला चिकटून राहते आणि पिळा गुडघ्यावर येतो, हेही पाहावे. रबरी मॅटवर पाऊल अडकते, तर पावसाळ्यात दमट झालेल्या फरशीवर ते घसरते, आणि दोन्ही ठिकाणी गुडघाच सोसतो. पुढचे सहा आठवडे पवित्रे उंच ठेवावेत, तेक्कीतली किबा-दाची (घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा) सुद्धा. खोल पवित्रा हीच परंपरा, असे मानण्याचे कारण नाही. फुनाकोशी यांच्या सुरुवातीच्या काळातील छायाचित्रांत पवित्रे आजच्या शोतोकानपेक्षा बरेच उंच आणि आखूड दिसतात. सराव करताना किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर चालेल. सकाळी ते वाढलेले असेल तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजावे.

मुलांच्या वर्गाचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पालकांची मागणी चुकीची नाही आणि ती नवीनही नाही. ओकिनावातील कराटेगुरू आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांमध्ये कराटे नेले आणि १९०८ मध्ये लिहिलेल्या आपल्या दहा कलमी पत्रात विद्यार्थ्यांची शरीरे घडवण्यासाठी ते किती उपयोगी आहे हे मांडले. आज आपण हेयान नावाने शिकवतो ते काता त्यांनी शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच रचले होते. म्हणजे मुलांच्या शारीरिक क्षमतेचे साधन म्हणून काता पुरेसा आहे. तो तसा करून घेतला पाहिजे. हेयान शोदानमध्ये २१ चाली आहेत आणि तो पूर्ण करायला साधारण ४० सेकंद लागतात. ४० सेकंद काता आणि ४० सेकंद उभे राहून श्वास सावरणे, असे दहा वेळा केले तर सुमारे सव्वातेरा मिनिटांत मुले घामाघूम होतात, आणि जिममधल्या कोणत्याही इंटरव्हल बॅचपेक्षा हा व्यायाम कमी नसतो. त्यातली पहिली तीन आवर्तने सावकाश, पुढची दोन फक्त पायांनी, त्यानंतरची तीन पूर्ण वेगाने आणि शेवटची दोन डाव्या-उजव्याची अदलाबदल करून घ्यावीत, म्हणजे कंटाळाही येत नाही आणि लक्षही ढळत नाही.

वर्गातला खरा वेळ व्यायामात जातो त्याहून जास्त रांगेत उभे राहण्यात जातो, असा अनेक वर्ग पाहून माझा समज झाला आहे. तीस मुले आणि एक पॅड असेल तर एक मूल मिनिटभरात एकदा लाथ मारते आणि उरलेला वेळ भिंतीला टेकते. जोड्या लावाव्यात, एकाने हात पुढे धरावा आणि दुसऱ्याने माए-गेरी (समोर सरळ लाथ) मारावी, सगळा हॉल एकाच वेळी हलता ठेवावा. सव्वा तासात सुरुवातीची दहा मिनिटे अंग गरम करण्यासाठी आणि शेवटची दहा मिनिटे जोर, बैठका, लटकणे आणि उड्या यांसाठी ठेवावीत. मधली पंचावन्न मिनिटे किहोन (मूलभूत तंत्रांचा सराव), काता आणि जोडीकाम यांचीच असावीत, आणि त्यात बाहेरचा व्यायाम येऊ देऊ नये. बदकचाल बंद करावी. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर भार देऊन सरकत जाण्याने मुलांना काही विशेष मिळत नाही आणि ज्यांचे गुडघे आधीच नाजूक आहेत त्यांना इजा होते. उशिरा आल्याबद्दल किंवा चूक केल्याबद्दल शिक्षा म्हणून जोर मारायला लावणेही थांबवावे, कारण ज्याची शिक्षा म्हणून ओळख होते तो व्यायाम मूल मोठेपणी आपणहून करत नाही. काही पालक उलट बाजूने येतील आणि जोर-बैठकांनी उंची खुंटते म्हणतील. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटते याला आधार नाही, हे त्यांना शांतपणे सांगावे.

पालकांची एक सभा घ्यावी आणि त्यांना स्पष्ट सांगावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. आपला चार दिवसांचा वर्ग त्यातला मोठा वाटा उचलतो, उरलेल्या तीन दिवसांचे मैदान पालकांनी शोधायचे आहे. मुलाचे वजन कमी करून देण्याचे आश्वासन देऊ नये, वर्गात सर्वांसमोर वजन करू नये आणि आहाराचे तक्ते वाटू नयेत. मुलाच्या वजनाची खरी काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

बेल्ट परीक्षेत जोरांची संख्या पात्रतेसाठी अवश्य ठेवावी, पण काता कच्चा असताना जोरांच्या बळावर कोणाला पुढचा बेल्ट देऊ नये. आपल्या गल्लीबोळांत तीन-तीन महिन्यांनी बेल्ट वाटले जातात हे आपण पाहता, आणि त्या वाटेला न जाण्याची किंमत काही पालक दुसऱ्या वर्गात जाण्याने आपल्याला मोजावी लागेल, हेही मी जाणतो. तरीही ती मोजावी.

मोठ्यांची बॅच सुरू करायला माझी हरकत नाही. परंपरेचा अवमान होतो तो खोटे सांगितल्याने. घाम गाळण्यासाठी ठोसे मारले म्हणून तो होत नाही. म्हणून फलकावर ‘कराटेवर आधारित व्यायाम’ असे लिहावे, त्यात बेल्ट ठेवू नयेत, आणि या बॅचमुळे स्वसंरक्षण येईल असे मालकांना जाहिरातीत छापू देऊ नये. एखादी मुलगी त्या शब्दावर विसंबून संकटात उभी राहिली तर जबाबदारी आपल्यावर येते. तंत्रे चारच घ्यावीत, सरळ ठोसा, वरच्या वाराचा हाताने बचाव, कंबरेखालची माए-गेरी आणि गुडघ्याचा प्रहार, आणि ती नीट शिकवावीत. जलद संगीतावर हवेत शेकडो ठोसे मारायला लावले की नवशिके कोपर झटक्याने पूर्ण सरळ करतात आणि महिनाभरात कोपर धरून येतात, तेव्हा पहिले काही आठवडे संगीताशिवाय, आकड्यांवर घ्यावेत. मवाशी-गेरी या बॅचला नकोच. ज्यांची कंबर आयुष्यभर खुर्चीत बसून आखडली आहे त्यांना ती वीस मिनिटांच्या सरावात येत नाही. प्रवेश देताना रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणे आणि चक्कर यांची लेखी माहिती घ्यावी, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची परवानगी मागावी, आणि अशा लोकांना श्वास कोंडून जोर लावण्याचे व्यायाम देऊ नयेत. किआई (प्रहाराबरोबरची आरोळी) मात्र सर्वांना द्यावी, कारण तिच्यात श्वास बाहेर पडतो. या बॅचमधून कोणाला खरे कराटे शिकावेसे वाटले तर त्याला संध्याकाळच्या वर्गात व्हाइट बेल्टपासून सुरुवात करू द्यावी.

राहिला प्रश्न सेन्सेईंचा. ही बॅच सुरू होण्याची बातमी त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये, आणि कोल्हापुरात ती दोन दिवसांत कळते. त्यांच्या घरी जाऊन बॅचमध्ये काय शिकवणार आहात आणि काय शिकवणार नाही, हे सांगावे आणि बेल्ट ठेवणार नसल्याचे आवर्जून सांगावे. वजनांवर त्यांच्याशी वाद घालू नये. त्याऐवजी दर महिन्याला एकदा तेक्की शोदान त्यांच्यासमोर करण्याची परवानगी मागावी आणि खांदे ताठ झाले आहेत का, कंबर मंदावली आहे का, हे त्यांनाच पाहू द्यावे. त्यांना खरोखर ताठरपणा दिसला तर तो कुठे आहे हे विचारून त्याप्रमाणे व्यायाम बदलावेत, कारण अंगाचा ताठरपणा ओळखणारी त्यांच्यासारखी नजर जिममध्ये आपल्याला मिळणार नाही. जिमच्या मालकांना होकार देण्याची तारीख या भेटीनंतरचीच ठेवावी.